क्रीट बेट पहिल्यांदा पाहताना: आधी डोंगर ओळखावेत, मग मुक्काम ठरवावा

क्रीटच्या सहलीची आखणी करताना बहुतेक जण आधी समुद्रकिनाऱ्यांची यादी करतात, त्यांतले चार-पाच निवडतात, एखाद्या शहरात आठवडाभरासाठी खोली घेतात आणि रोज तिथून एकेका किनाऱ्याला जाऊन यायचे ठरवतात. नकाशावर हा बेत सोपा दिसतो. प्रत्यक्षात हे ग्रीक बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब आहे, त्याचे क्षेत्रफळ ८३०० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे, आणि त्याच्या कण्यावर दोन हजार मीटरांपेक्षा उंच असे तीन डोंगरसमूह उभे आहेत. पश्चिम टोकाच्या एलाफोनिसीहून पूर्व टोकाच्या वाईपर्यंत मोटारीने जायचे तर अख्खा दिवस रस्त्यातच जातो. म्हणून नवख्या प्रवाशाला माझे आग्रहाचे सांगणे असे की, किनारे नंतर निवडावेत आणि आधी डोंगर समजून घ्यावेत. पाऊस कुठे पडतो, पीक कोणते येते, रस्ता कुठे संपतो आणि बोट कुठून सुरू होते, हे सारे या बेटावर डोंगरच ठरवतात. मुक्काम कुठे करायचा, याचे उत्तरही त्यांच्याकडूनच मिळते.

पहिली पायरी: नकाशावर तीन डोंगर शोधावेत

सुरुवात पश्चिमेकडून करावी. हानिया शहराच्या दक्षिणेला लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर, पसरलेले आहेत आणि पाख्नेस हे त्यांचे सर्वोच्च शिखर २४५३ मीटर उंच आहे. बेटाच्या मध्यभागी प्सिलोरितिस आहे. प्राचीन ग्रीक त्यालाच ईडा म्हणत. त्याची उंची २४५६ मीटर, म्हणजे पाख्नेसपेक्षा अवघी तीन मीटर जास्त. पूर्वेकडे २१४८ मीटर उंचीचा दिक्ती आहे. दिक्तीच्या पलीकडे, येरापेत्राजवळ, बेट एकदम चिंचोळे होते आणि उत्तर व दक्षिण किनाऱ्यांमध्ये जेमतेम १२ किलोमीटर जमीन उरते; त्याच्याही पुढे सितियाचा कोरडा, कमी वस्तीचा मुलूख लागतो. हानिया, रेथिम्नो, हेराक्लिओन आणि लासिथी हे क्रीटचे चार जिल्हे पश्चिमेकडून पूर्वेकडे याच क्रमाने येतात.

हे डोंगर प्रामुख्याने चुनखडकाचे आहेत. चुनखडक पाणी वर साठू देत नाही. ते फटींतून आत मुरते, आतून खडक पोखरते आणि पुष्कळ खाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. त्यामुळेच क्रीटमध्ये हजारो गुहा आहेत, डोंगरांच्या कुशीत चारी बाजूंनी बंद असलेली सपाट पठारे आहेत, आणि दक्षिणेकडे समुद्रात उतरणाऱ्या अरुंद, उंच भिंतींच्या घळया आहेत. बेटाच्या दक्षिणेला आफ्रिकेचे भूपट्ट एजियन प्रदेशाखाली सरकत असल्याने ही भूमी आजही अस्थिर आहे. इ. स. ३६५ मध्ये झालेल्या महाभूकंपात बेटाचा पश्चिम भाग कित्येक मीटर, काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत, वर उचलला गेला. फालासार्ना येथील प्राचीन बंदर म्हणूनच आज कोरड्या जमिनीवर उभे आहे आणि त्याच्या धक्क्यांमधून पायी फिरता येते.

आता उत्तर आणि दक्षिण हा भेद लक्षात घ्यावा. उत्तरेकडचा उतार तुलनेने सौम्य आहे. मोठी शहरे, दोन्ही मुख्य विमानतळ, प्रमुख बंदरे आणि महामार्ग हे सगळे त्याच बाजूला आहे. दक्षिणेकडे डोंगर अनेक ठिकाणी थेट लिबियन समुद्रात कोसळतात, त्यामुळे त्या किनाऱ्याने सलग जाणारा रस्ताच नाही; एका गावातून शेजारच्या गावात जाण्यासाठी कधी डोंगर चढून पुन्हा उतरावे लागते, तर कधी बोटच धरावी लागते.

पूर्व आणि पश्चिम हा भेद पावसाचा आहे आणि तो मराठी माणसाला लगेच समजेल. आपल्याकडे मोसमी ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि माणदेश कोरडा राहतो. क्रीटमध्ये हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळे पांढऱ्या डोंगरांवर पाऊस आणि बर्फ टाकतात आणि आग्नेय टोकापर्यंत जाईतो त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही. पश्चिमेला चेस्टनटची दाट राई आणि पूर्वेला खजुराचे बन एकाच बेटावर कसे, याचे उत्तर यात आहे.

दुसरी पायरी: महिना ठरवावा

इथला पावसाळा हिवाळ्यात असतो. पाऊस साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पडतो आणि जून ते ऑगस्ट आकाश जवळजवळ कोरडे राहते. शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हे वेळापत्रक फार सोयीचे आहे, कारण एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत क्रीट सर्वांत देखणे असते. उतारांवर रानफुले असतात, पांढऱ्या डोंगरांच्या माथ्यावर बर्फाचे पट्टे टिकून असतात आणि चालण्याजोगी हवा असते. फक्त समुद्राचे पाणी मेच्या पूर्वार्धात थंड लागते. ऑर्थोडॉक्स ईस्टरचा आठवडा याच सुमारास आला तर खोल्या पुष्कळ आधी घ्याव्या लागतात.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते, गर्दी सर्वाधिक असते, आणि उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा जोरदार वारा दिवसेंदिवस वाहतो. चालणे ज्यांना महत्त्वाचे आहे त्यांनी हे दोन महिने टाळावेत. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध मला मेइतकाच चांगला वाटतो: पाणी उबदार असते, द्राक्षांची तोडणी चालू असते आणि गर्दी ओसरलेली असते.

दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा विचार असेल तर मात्र तारखा नीट पाहाव्यात. सामारियाची घळई साधारणपणे १ मे ते ३१ ऑक्टोबर एवढ्याच काळात उघडी असते. नोव्हेंबरमध्ये दक्षिण किनाऱ्यावरच्या बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि सुट्टीच्या हंगामावर जगणारी किनाऱ्यावरची गावे बंद होऊ लागतात. त्या दिवसांत हानिया आणि हेराक्लिओन ही शहरे, वस्तुसंग्रहालये आणि ऑलिव्हच्या तोडणीने गजबजलेली गावे पाहावीत. तोही एक चांगला प्रवास आहे, पण तो पोहण्याचा आणि घळया उतरण्याचा प्रवास नव्हे.

महिना ठरला की कागदपत्रांना लागावे. ग्रीस शेंगेन क्षेत्रात असल्याने भारतीय पारपत्रधारकाला अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा जोडावा लागतो. त्याच सहलीत युरोपातील दुसरा देशही पाहायचा असेल, तर ज्या देशात अधिक दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करावा. मोटार भाड्याने घ्यायची असल्यास आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वीच आपल्या आरटीओकडून काढून घ्यावा.

तिसरी पायरी: तीन मुलखांपैकी आपला कोणता, हे ओळखावे

पश्चिम: पांढरे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याचे समुद्र

पहिल्या भेटीला एकच मुलूख निवडायचा असेल तर मी पश्चिम सुचवीन, कारण बेटाची सर्व रूपे इथे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात. हानिया हे मुक्कामाचे शहर. त्याचे जुने बंदर व्हेनिसच्या अमलात बांधले गेले, त्यानंतर १६४५ मध्ये ते ऑटोमन तुर्कांकडे गेले, आणि आज धक्क्यावरून चालताना व्हेनिसच्या गोद्या, तुर्की काळातली मशीद आणि बंदराच्या तोंडाशी असलेला दीपस्तंभ एकाच नजरेत येतात. स्वच्छ हवेच्या दिवशी मागे पांढरे डोंगर दिसतात. त्यांचे नाव बर्फामुळेही सार्थ ठरते आणि उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर उघड्या पडणाऱ्या फिकट चुनखडकामुळेही.

हानियाहून दक्षिणेला घाट चढत गेले की सुमारे हजार मीटर उंचीवरचे ओमालोस पठार लागते. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये सपाट गवताळ जमीन, मेंढ्यांचे कळप आणि सकाळची बोचरी थंडी असे हे ठिकाण आहे. पठाराच्या कडेला क्सिलोस्कालो येथे, सुमारे १२३० मीटर उंचीवर, सामारियाची वाट सुरू होते आणि १६ किलोमीटरांनंतर आगिया रुमेली गावात समुद्राच्या पातळीला संपते. ही वाट पाच ते सात तासांची आहे. पहिला भाग पाइन आणि सायप्रसच्या सावलीतून तीव्र उताराचा आहे, मधल्या भागात सामारिया हे ओसाड गाव लागते, आणि शेवटच्या टप्प्यात दोन्ही भिंती जवळ येत येत एके ठिकाणी सुमारे चार मीटरांवर येतात, तर त्यांची उंची तीनशे मीटरांच्या आसपास असते. क्री-क्री या रानबोकडाच्या संरक्षणासाठी १९६२ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि गावातील शेवटच्या कुटुंबांना बाहेर वसवण्यात आले. विसाव्याला बसले असता माणसाला सरावलेला एखादा क्री-क्री जवळ येतो. त्याला काहीही खायला घालू नये.

नवख्याने इथे चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वाट उताराची आहे म्हणून ती सोपी नाही, कारण बाराशे मीटरांची उतरण गुडघ्यांना चढणीपेक्षा अधिक त्रास देते. म्हणून जाड तळव्याचे, आधी वापरलेले बूट घालावेत. दुसरे, सकाळी उघडते तेव्हाच आत शिरावे. तिसरे, वाटेत झऱ्यांचे पाणी मिळते, त्यामुळे एक बाटली पुरते, पण खाणे सोबत घ्यावे लागते. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: आगिया रुमेलीला मोटाररस्ता नाही. तिथून बोटीने सुगिया किंवा होरा स्फाकिओनला जावे लागते आणि तिथून बसने हानियाला परतावे लागते, म्हणून स्वतःची मोटार ओमालोसला ठेवून जाऊ नये. पाऊस किंवा दरडींचा धोका असेल, किंवा उष्णता फार असेल, तर अधिकारी घळई बंद ठेवतात. तेव्हा हा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवावा, म्हणजे गरज पडल्यास तो पुढे ढकलता येतो. ज्यांना एवढे चालणे झेपणार नाही त्यांनी आठ किलोमीटरांची इम्ब्रोसची घळई घ्यावी. ती सामारियाच्या पूर्वेला आहे, तिची भव्यता कमी असली तरी अरुंद भिंतींमधून चालण्याचा अनुभव तोच आहे, आणि लहान मुलांना ती जमते.

आगिया रुमेलीलाच एक रात्र राहता आले तर अवश्य राहावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. संध्याकाळच्या बोटीने चालणारे सगळे निघून गेले की गाव रिकामे होते, आणि दुसऱ्या दिवशी पूर्वेकडे जाणाऱ्या बोटीने लुत्रो गाठता येते. लुत्रोलाही रस्ता नाही. एका लहानशा खाडीभोवती पांढरी घरे, मागे उभा कडा, आणि येणे-जाणे बोटीने किंवा पायी. हा सारा मुलूख स्फाकियाचा. इथले मेंढपाळ परकीय सत्तेविरुद्धच्या उठावांसाठी सबंध क्रीटमध्ये ओळखले जातात, आणि हा रस्ताहीन किनारा पाहिला की परकीयांना तो ताब्यात ठेवणे इतके जड का गेले असेल ते समजते.

पश्चिम टोकाचे तीन किनारे प्रसिद्ध आहेत. एलाफोनिसीची वाळू शंखशिंपल्यांच्या आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या चुऱ्यामुळे काही ठिकाणी गुलाबी दिसते आणि पाणी इतके उथळ आहे की चालत समोरच्या बेटावर जाता येते. हानियाहून हे अंतर ७५ किलोमीटरांच्या आसपास असले तरी वळणांमुळे दीड तासाहून अधिक लागतो. वाटेत एलोस येथे चेस्टनटच्या झाडीत थांबावे, कारण भूमध्य समुद्रातल्या कोरड्या बेटाबद्दलची आपली कल्पना तिथे बदलते. बालोसच्या उथळ खाजणाला किसामोसहून बोटीने जाणे सोयीचे. ती बोट वाटेत ग्राम्वुसा बेटावरच्या व्हेनेशियन किल्ल्याजवळही थांबते. तिसरा फालासार्ना. एलाफोनिसी आणि बालोस येथे उन्हाळ्यात दुपारी गर्दीमुळे मन रमत नाही. फालासार्ना लांबरुंद आहे, तिथे मावळतीपर्यंत बसता येते आणि वर सांगितलेले उचलले गेलेले बंदरही तिथेच आहे. वेळ एकाच किनाऱ्यापुरता असेल तर माझी निवड फालासार्ना.

मध्य: राजवाडे, द्राक्षमळे आणि मेसाराचे मैदान

रेथिम्नो आणि हेराक्लिओन हे दोन जिल्हे मिळून बेटाचा मध्यभाग होतो. हेराक्लिओन शहर दिसायला हानियाइतके सुंदर नाही, पण ते टाळू नये. शहराच्या दक्षिणेला पाच किलोमीटरांवर क्नोसोस, म्हणजे या बेटावरच्या कांस्ययुगीन मिनोअन संस्कृतीचा राजवाडा, आहे. तिथे पहिले उत्खनन १८७८ मध्ये मिनोस कालोकेरिनोस या स्थानिक गृहस्थांनी केले आणि १९०० पासून ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी ते मोठ्या प्रमाणावर चालवले. आज दिसणारे लाल खांब आणि वरचे मजले हे बव्हंशी इव्हान्स यांनी काँक्रीटमध्ये केलेले पुनर्बांधणीचे काम आहे, हे जाण्यापूर्वी माहीत असावे. मूळ भित्तिचित्रे शहरातल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. सकाळी लवकर क्नोसोस आणि ऊन चढल्यावर संग्रहालय, हा क्रम ठेवावा. क्नोसोससह सहा मिनोअन राजवाडा-केंद्रांना २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

हेराक्लिओनच्या दक्षिणेला आर्खानेस आणि पेझा यांच्या परिसरात टेकड्यांवर द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा एकमेकांत मिसळलेल्या आहेत. तो उंचवटा ओलांडला की मेसाराचे मैदान उघडते, आणि क्रीटमध्ये एवढी सपाट, एवढी सुपीक जमीन असू शकते यावर क्षणभर विश्वास बसत नाही. उत्तरेला प्सिलोरितिस आणि दक्षिणेला आस्तेरूसिया डोंगर यांच्यामध्ये ते पूर्व-पश्चिम पसरले आहे. या मैदानाच्या पश्चिम टोकाला एका टेकडीवर फेस्तोसचा राजवाडा आहे. इथे पुनर्बांधणी जवळजवळ नाही. पायऱ्या, अंगणे, साठवणीचे रांजण आणि समोर संपूर्ण मैदान दिसते, त्यामुळे धान्य आणि तेल कुठून येत असेल हे कोणी सांगावे लागत नाही. मिनोअन माणूस कसा राहत होता हे कळण्यासाठी मला क्नोसोसपेक्षा फेस्तोस अधिक उपयोगी वाटते. जवळच गोर्तिना येथे दगडी भिंतीवर कोरलेली प्राचीन कायदेसंहिता आहे, आणि मैदान संपते तिथल्या मातला गावात मऊ खडकात कोरलेल्या प्राचीन दफनगुहा समुद्रावर उघडतात.

रेथिम्नो जिल्ह्यात तीन ठिकाणे मनाशी धरावीत. प्सिलोरितिसच्या उत्तर उतारावर अनोगिया हे मेंढपाळांचे गाव आहे. १९४४ मध्ये जर्मन सैन्याने ते जमीनदोस्त केले होते आणि गावकऱ्यांनी ते पुन्हा उभारले. तिथून घाटाने सुमारे १४०० मीटर उंचीवरच्या निदा पठारावर जाता येते. चुन्याशिवाय, नुसते दगड रचून बांधलेल्या मेंढपाळांच्या गोल झोपड्या या डोंगरात दिसतात. दुसरे, आर्कादीचा मठ: नोव्हेंबर १८६६ मध्ये ऑटोमन वेढ्यात आश्रयाला आलेल्या स्त्रिया, मुले आणि लढवय्ये यांनी शरण जाण्याऐवजी दारूगोळ्याचे कोठार पेटवून दिले, आणि क्रीटमध्ये या जागेला आजही तीर्थाचा मान आहे, तिथे त्याच भावनेने जावे. तिसरे, दक्षिण किनाऱ्यावरचे प्रेवेली. कुर्तालियोतिको घळईतून आलेली नदी इथे खजुरांच्या रांगांमधून समुद्राला मिळते. २०१० च्या वणव्यात ही झाडे जळाली होती, पण बहुतेकांना पुन्हा पालवी फुटली. वाहनतळापासून पायऱ्यांची उतरण आहे आणि भर दुपारी ती परत चढणे कठीण जाते.

पूर्व: पठार, चिंचोळी पट्टी आणि खजुरांचे टोक

पूर्वेकडे येणारे बहुतेक लोक आगिओस निकोलाओस आणि एलुंदा इथल्या हॉटेलांत राहतात आणि स्पिनालोंगा पाहून परततात. स्पिनालोंगा पाहावेच. या व्हेनेशियन किल्ल्याच्या बेटावर १९०३ पासून १९५७ पर्यंत कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवले जात असे, आणि त्यांनी तिथे वसवलेल्या गल्ल्या, दुकाने आणि घरे अजून उभी आहेत. समोरच्या प्लाका गावातून बोटीला काही मिनिटेच लागतात.

खरी पूर्व मात्र डोंगरात आणि पलीकडे आहे. दिक्तीच्या कुशीत सुमारे ८४० मीटरांवर लासिथीचे पठार आहे. बटाटे, सफरचंदे आणि भाजीपाला पिकवणाऱ्या लहान लहान शेतांचे पट्टे आणि कडेने वसलेली गावे असे त्याचे रूप. पांढऱ्या कापडी शिडांच्या हजारो पवनचक्क्या एकेकाळी इथे विहिरींतून पाणी उपसत असत. पंप आल्यावर त्या थांबल्या आणि आता थोड्याच फिरताना दिसतात, त्यामुळे जुनी छायाचित्रे पाहून अपेक्षा ठेवू नये. प्सिख्रो गावाजवळची गुहा ग्रीक देवांचा राजा झ्यूस याचे जन्मस्थान मानली जाते. आत ओलसर पायऱ्या असल्याने चपला घालून उतरू नये.

आगिओस निकोलाओसहून पूर्वेला निघाल्यावर चिंचोळी पट्टी येते. इथे डोंगराच्या भिंतीला उभी चीर पडलेली रस्त्यावरून दिसते. ती 'हा' नावाची घळई. दक्षिणेला येरापेत्राभोवती प्लास्टिकच्या हरितगृहांचा समुद्र पसरलेला आहे. टोमॅटो, काकडी आणि ढोबळी मिरची इथून युरोपभर जातात. हे दृश्य सुंदर नाही, परंतु बेटाचे पोट कशावर चालते ते समजण्यासाठी ते पाहावे.

सितियाच्या पुढे झाडी विरळ होते, दगड आणि सुगंधी झुडपे उरतात, रस्त्यावर वाहने कमी होतात. तोप्लूच्या तटबंदी मठावरून वाईला जाता येते. तिथे खजुराचे नैसर्गिक बन आहे आणि ही जात आपल्याकडच्या शिंदीची जवळची नातलग आहे. अगदी टोकाशी झाक्रोस: वरच्या गावातून 'मृतांची घळई' पायी उतरावी, जिच्या भिंतींतल्या गुहांमध्ये मिनोअन लोक प्रेते पुरत, आणि दोनेक तासांनी खालच्या किनाऱ्यावर राजवाड्याचे अवशेष पाहावेत. निकोलाओस प्लातोन यांनी १९६० च्या दशकात उकरलेला हा राजवाडा लहान आहे. पाणथळ जमिनीमुळे त्याच्या काही भागात पाणी साचते. शांतता आणि चालणे ज्यांना हवे आहे, आणि जे दुसऱ्यांदा क्रीटला येत आहेत, त्यांच्यासाठी हा मुलूख माझ्या मते सर्वोत्तम आहे. पहिल्या भेटीत तो दिवसभरात उरकण्याचा प्रयत्न करू नये.

चौथी पायरी: दिवसांची वाटणी

सात दिवस असतील तर एकच मुलूख घ्यावा. पश्चिम घेतल्यास हानियाला चार-पाच रात्री आणि दक्षिण किनाऱ्यावर, पालेओहोरा किंवा आगिया रुमेली किंवा लुत्रो येथे, दोन रात्री अशी वाटणी चांगली बसते. इतिहासाची ओढ अधिक असेल तर हेराक्लिओनला दोन रात्री, मेसारात दोन आणि रेथिम्नोला तीन ठेवाव्यात. दहा ते बारा दिवस असतील तर पश्चिम आणि मध्य जोडावेत, हानियाला उतरून हेराक्लिओनहून परतावे, म्हणजे तोच रस्ता दुसऱ्यांदा तुडवावा लागत नाही. पूर्व टोक जोडायचे असेल तर दोन आठवडे हवेत. प्रत्येक मुक्कामात एक दिवस पूर्ण मोकळा सोडावा. घळई बंद निघाली किंवा वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर तो कामी येतो.

पाचवी पायरी: जेवणाची सोय समजून घ्यावी

शाकाहारी मराठी प्रवाशाने क्रीटची धास्ती घेऊ नये. ऑर्थोडॉक्स पंथात उपासाचे दिवस पुष्कळ असल्याने मांस, अंडी आणि दूध नसलेले पदार्थ इथल्या स्वयंपाकात पूर्वापार आहेत. त्यांना 'निस्तीसिमो' म्हणतात आणि हा एक शब्द पाठ करून ठेवावा. 'लादेरा' म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या: भेंडी, फरसबी, वांगी, सगळे ओळखीचे. 'होर्ता' म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर तेल आणि लिंबू. 'दाकोस' म्हणजे जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि ताजे चीज. भरलेल्या टोमॅटोत किंवा द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत कधी कधी खिमा असतो, म्हणून ते मागवण्यापूर्वी विचारावे. तिखटाची सवय असणाऱ्यांना जेवण सौम्य लागेल. स्फाकियात गेल्यावर चीज भरून तव्यावर भाजलेली, वरून मध घातलेली पातळ पोळी मिळते, ती सोडू नये. जेवणानंतर न मागता येणारी राकी ही दारू कडक असते. वाहन चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

सहावी पायरी: रस्ता, बस आणि बोट

किसामोसपासून सितियाच्या दिशेने जाणारा उत्तरेचा महामार्ग हा बेटाचा मुख्य दुवा आहे. हानिया ते हेराक्लिओन १४० किलोमीटरांसाठी सव्वादोन ते अडीच तास धरावेत. या रस्त्याच्या बऱ्याच भागात दुभाजक नाही आणि अपघात होतात. मागून वेगात येणाऱ्याला वाट देण्यासाठी स्थानिक चालक कडेच्या पट्ट्यावर सरकतात. नवख्याने घाबरून जाऊ नये, पण स्पर्धाही करू नये. वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून पहिल्या दिवशी मोठा घाट घेऊ नये. घाटात शेळ्या अचानक समोर येतात आणि डोंगराळ भागात पेट्रोलपंप विरळ आहेत, तेव्हा उत्तर किनारा सोडतानाच टाकी भरून घ्यावी. भाड्याच्या मोटारीचा विमा कच्च्या रस्त्यांवर सहसा लागू होत नाही. बालोसचा रस्ता कच्चा आहे, म्हणून करारातील ती अट सही करण्यापूर्वी वाचावी.

मोटार चालवायची नसेल तर कतेल या बससेवेवर विसंबता येते. हानिया-रेथिम्नो यांची एक आणि हेराक्लिओन-लासिथी यांची दुसरी अशा दोन वेगळ्या संस्था ती चालवतात, म्हणून वेळापत्रके वेगवेगळ्या ठिकाणी पाहावी लागतात. उत्तर किनाऱ्यावर बस वारंवार मिळते, दक्षिणेला दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात आणि रविवारी त्याही घटतात. गावांची नावे रोमन लिपीत फलकांवर आणि तिकिटांवर दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली आढळतात, त्यामुळे हानियाचे स्पेलिंग बदललेले दिसले तरी गोंधळू नये.

भारतातून बहुधा अथेन्समार्गे जावे लागते. तिथून हानिया आणि हेराक्लिओनला विमाने आहेत, तसेच पिरेयस बंदरातून रात्री निघणारी मोठी जहाजे सकाळी क्रीटला पोहोचतात. सामान जास्त असेल आणि एक रात्रीचे हॉटेल वाचवायचे असेल तर जहाज बरे. दक्षिण किनाऱ्यावरच्या बोटी पालेओहोरा, सुगिया, आगिया रुमेली, लुत्रो आणि होरा स्फाकिओन ही गावे जोडतात. त्यांच्या वेळा हंगामानुसार आणि वाऱ्यानुसार बदलतात, म्हणून आदल्या संध्याकाळी तिकीट-खिडकीवर जाऊन दुसऱ्या दिवसाची खात्री करावी, आणि ज्या दिवशी परतीचे विमान आहे त्याच्या आदली रात्र दक्षिण किनाऱ्यावर घालवू नये.